‘दुर्गम’ कोणाला? : पालघरचे डोंगर आणि मराठी गिरिभ्रमणलेखन

‘दुर्ग’ आणि ‘दुर्गम’ हे दोन्ही शब्द एकाच धातूच्या पोटी जन्मले. जेथे जाणे कष्टाचे ते दुर्ग, आणि जेथे जाणे कष्टाचे ते दुर्गमही. असे असता मराठीत या दोन भावंडांच्या वाट्याला आलेले भाग्य मात्र अगदी भिन्न आहे. पहिला शब्द इतिहासाने उचलला. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी दुर्गांसाठी स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले, तेव्हापासून या शब्दाला राज्यकर्त्याची प्रतिष्ठा आहे. दुसरा शब्द सरकारी अहवालाने उचलला, आणि ‘आदिवासी व दुर्गम भाग’ या ठरीव पदबंधात तो असा काही रुतून बसला की, त्याचा उच्चार होताच वाचकाच्या डोळ्यांसमोर डोंगर उभा न राहता अनुदान, साथरोग आणि रिक्त जागा उभ्या राहतात. मात्र दोन्ही शब्दांच्या मुळाशी एक समान गृहीत आहे. जाणारा बाहेरचा आहे, आणि त्याला तेथे जाणे कठीण पडते. जो तेथेच जन्मला त्याच्या दृष्टीने डोंगर दुर्गम नसतो. त्याला दुर्गम असतो तो बाजार, दवाखाना आणि कचेरी.

गिरिभ्रमणविषयक मराठी लेखनाचा विचार करताना हे गृहीत प्रथम तपासून पाहावयास हवे, आणि तपासणीसाठी पालघर जिल्ह्यासारखे सोयीचे क्षेत्र दुसरे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या मताचे कारण वाङ्मयीन आहे. राजगड, रायगड, तोरणा, प्रतापगड यांच्याविषयी लिहिणाऱ्याच्या पाठीशी शिवचरित्र उभे असते. लेखणी दुबळी असली तरी विषय तिला सावरून धरतो. वाचक निम्मा भाव घरूनच घेऊन येतो. अशेरी, कोहोज, काळदुर्ग, आसावा, तांदूळवाडी, गंभीरगड या डोंगरांविषयी लिहिताना तो आधार मिळत नाही. येथे लेखकाला स्वतःच्या डोळ्यांवर आणि स्वतःच्या भाषेवरच भिस्त ठेवावी लागते, आणि आपले गिरिभ्रमणलेखन वास्तविक कशावर उभे आहे हे अशा ठिकाणीच कळून येते.

प्रदेशाची ओळख थोडक्यात करून देणे अवश्य आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस जव्हार-मोखाड्याचे पठार यांच्यामध्ये पसरला आहे. स्थानिक बोलण्यात याचे दोन भाग पडतात : बंदरपट्टी आणि जंगलपट्टी. केळवे-माहीम, तारापूर, डहाणू ही बंदरपट्टी. मनोर, विक्रमगड, जव्हार, तलासरी ही जंगलपट्टी. वर सांगितलेले बहुतेक डोंगर या दोहोंच्या मध्ये, सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून सुटून पडलेले, एकेकटे उभे आहेत. त्यांची उंची पाहू जाता ती फार नाही. पाचशे मीटरांच्या आसपास भरणाऱ्या माथ्यांना कोणी उत्तुंग म्हणणार नाही. परंतु चढण जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, हवा दमट असते, वाट दाट रानातून जाते आणि माथ्याजवळ कातळ उभा राहतो. जो दम देशावरच्या बाराशे मीटर उंचीच्या गडावर लागत नाही तो येथे लागतो, हे अनुभवी भटक्यांना ठाऊकच आहे.

आता या डोंगरांवरील लेखनाकडे वळू. त्याच्या घराण्याचा शोध घेतला तर तो १८१८ या वर्षापाशी जाऊन पोहोचतो. पेशवाईच्या अस्तानंतर लागलीच कॅप्टन डिकिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने उत्तर कोकणातील किल्ल्यांची पाहणी केली. त्या पाहणीमागे सौंदर्याची जिज्ञासा नव्हती, इतिहासाचीही नव्हती. कोणता किल्ला शत्रूच्या हाती पडल्यास त्रासदायक ठरेल, कोणता राखावा, कोणता निकामी करावा, एवढाच प्रश्न तिच्यापुढे होता. साहजिकच वाट कोणत्या बाजूने चढते, दरवाजे किती, तटाची स्थिती कशी, पाण्याची टाकी बारमाही आहेत की नाहीत, या क्रमाने त्याने माहिती टिपली. जेम्स कॅम्पबेलने संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाणे जिल्ह्यातील स्थळांना वाहिलेला चौदावा खंड १८८२ मध्ये निघाला. त्यात डिकिन्सनच्या नोंदी जागोजाग घेतलेल्या आहेत. पुढे मराठीत किल्ल्यांची जी वर्णने सिद्ध झाली, त्यांवर चिंतामण गंगाधर गोगटे यांच्या ‘महाराष्ट्र देशांतील किल्ले’ या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथापासून थेट आजच्या छोटेखानी मार्गदर्शिकांपर्यंत याच क्रमाचा ठसा दिसतो. वाट, दरवाजा, तट, टाकी, माथ्यावरून दिसणारा प्रदेश, आणि शेवटी दोन परिच्छेदांचा इतिहास. रविवारी सकाळी पाठीवर पिशवी टाकून निघालेला तरुण ज्या साच्यात आपली सहल लिहून काढतो, तो साचा किल्ला पाडावयाचा की ठेवावयाचा हे ठरविण्यासाठी घडविला गेला होता, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

साचा परका आहे म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. मार्गदर्शिकेचे पहिले काम वाट न चुकविणे हे होय, आणि ते काम अचूकपणे करणारे लेखन आपल्याकडे थोडेच आहे. आनंद पाळंदे यांचे ‘डोंगरयात्रा’ हे पुस्तक या दृष्टीने आदराने उल्लेखावे असे आहे. एकट्यादुकट्या किल्ल्याऐवजी डोंगररांगा आणि घाटवाटा यांच्या आधाराने पाहण्याची सवय त्याने अनेकांना लावली. माझा आक्षेप नेमकेपणावर नाही. आक्षेप आहे तो या साच्यातील क्रियापदांवर. ‘वाट डावीकडे वळते’, ‘कातळ लागतो’, ‘टाके दिसते’, ‘माथा येतो’. ‘लागणे’ हे क्रियापद मराठी प्रवासवर्णनात जुने आहे, सुंदरही आहे. चालणाऱ्याने काही करावे लागत नाही, गाव आपण होऊन त्याला लागते. परंतु पानामागून पाने सारे काही लागतच गेले म्हणजे त्या वाक्यांतून माणूस नाहीसा होतो. वाट कोणी पाडली, टाक्यातला गाळ कोण काढतो, कातळातल्या खोबण्या कोणाच्या पायांनी झिजल्या, हे प्रश्न या वाक्यरचनेत उपस्थित होऊच शकत नाहीत. ती रचनाच कर्त्याला बाहेर ठेवते.

याच्या जोडीला आपल्या स्वतःच्या घरातील एक जुना नमुना ठेवून पाहावा. महानुभावांची ‘स्थानपोथी’ हीदेखील एका अर्थी मार्गदर्शिकाच आहे. गावे, देवळे, दिशा, अंतरे यांची तीत बारकाईने नोंद आहे. परंतु तेथे प्रत्येक दिशेचे आणि प्रत्येक ओट्याचे महत्त्व एवढ्याचसाठी की, त्या जागी चक्रधरस्वामी बसले, निजले, किंवा काही बोलले. स्थळ आणि मनुष्य यांची फारकत त्या लेखनाला ठाऊकच नाही. मराठी गद्याच्या आरंभीच्या काळातील ग्रंथ अशा पायी हिंडणाऱ्याच्या मागोमाग हिंडत असताना, आपल्या आधुनिक डोंगरगद्याने गुरू केला तो मात्र मोजणीदार.

अशेरीगडाचे उदाहरण घेऊ. १५५६ मध्ये हा गड पोर्तुगिजांकडे गेला, आणि वसईच्या मोहिमेत (१७३७–३९) तो मराठ्यांच्या हाती आला. मधली जवळजवळ पावणेदोनशे वर्षे उत्तर कोकणातील फिरंगी अंमलाच्या अंतर्भागातील हे एक मोठे ठाणे होते. गडावर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड आजही पडलेला आहे. कातळात खोदलेली टाकी आहेत, गुहा आहे. या दगडाशी येऊन पोहोचलेले मराठी गिरिभ्रमणलेखन कसे अडखळते, हे पाहण्यासारखे आहे. दगडाची नोंद होते, त्यावरील मुकुटाचे कौतुकही होते. पण या दगडाचे काय करावे हे लेखकाला सुचत नाही. तो आपला नाही, म्हणून अभिमान वाटत नाही. तो शत्रूचा, म्हणून राग यावा, तर पावणेतीन शतकांहूनही आधी पडून गेलेल्या शत्रूवर रागही धरवत नाही. मग लेखक घाईने चिमाजी अप्पांकडे वळतो आणि सुटकेचा निःश्वास टाकतो. गडाच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ कालखंड अशा रीतीने दोन ओळींत संपतो. वास्तविक घाटाखालच्या रानात, वारली आणि कोळी वस्त्यांच्या मधोमध, लिस्बनच्या राजाचे चिन्ह कातळावर चढविणारी ती माणसे कोण होती, तो दगड कोणी घडविला, कोणी वर वाहून नेला, हा विषय एखाद्या चांगल्या निबंधाला पुरेल एवढा समृद्ध आहे. मराठी मनाला डोंगरावर इतिहास हवा असतो, पण तो एकाच घराण्याचा हवा असतो.

जुन्या मराठी साधनांतही या डोंगरांच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ याच प्रदेशातली. परंतु बखरकाराचे लक्ष वंश, गोत्रे, वतने यांवर खिळलेले. त्याची नजर बंदरपट्टीवर आहे आणि पाठ डोंगराकडे आहे. असो.

मार्गदर्शिकेच्या कोरडेपणावर उतारा म्हणून जे भावपूर्ण गिरिभ्रमणगद्य निर्माण झाले, त्याचा विचार अधिक काळजीने केला पाहिजे, कारण ते चांगले आहे. मुंबईत ‘गिरिविहार’सारखी संस्था १९५४ मध्ये निघाली, मध्यमवर्गातील तरुण सुटीच्या दिवशी डोंगर चढू लागले, आणि त्याच सुमारास गो. नी. दाण्डेकरांच्या लेखणीने मराठी वाचकाला दुर्गांचे वेड लावले. दाण्डेकरांचा अधिकार वादातीत आहे. त्यांच्या दुर्गलेखनाचे हृदय राजगड-रायगडाच्या परिसरात गुंतलेले असले, तरी ‘माचीवरला बुधा’ आणि ‘जैत रे जैत’ या कादंबऱ्यांत डोंगरातील माणसालाच त्यांनी नायक केले. ‘जैत रे जैत’मधील ठाकर हे डोंगरावरचे दृश्य नव्हेत, डोंगराशी त्यांचे भांडण आहे, नवस आहे, सूड आहे. हे श्रेय लहान नाही. पण त्यांच्या अनुकरणातून जे लेखन पुढे आले, त्याने दाण्डेकरांचा उमाळा घेतला, त्यांची माणसे घेतली नाहीत.

या अनुकरणातील दोन लकबी पालघरच्या संदर्भात विशेष डोळ्यांत भरतात. पहिली लकब वाटाड्याविषयीची. पायथ्याच्या पाड्यावरून एक मनुष्य सोबत घेतला जातो. त्याला ‘मामा’ म्हणतात. मामा अनवाणी चालतो, मामाला धाप लागत नाही, मामा वाटेत एखादी वनस्पती दाखवितो, मामा उतरल्यावर पैसे घेण्यास संकोचतो. येथे नात्याचा शब्द आहे, पण नाव नाही. मराठीत मामा म्हटले की, आईचे माहेर आले, हक्क आला, लाड आले. आणि ज्याच्याशी दिवसभराचीच ओळख, त्याला हा शब्द बहाल करण्यात एक प्रकारची स्वस्ताई आहे. लेखक आपल्या मित्रांची नावे लिहितो, आडनावेही लिहितो. कोणाची चप्पल तुटली आणि कोणी डबा सांडला हेही लिहितो. ज्याच्यावाचून वाट सापडली नसती त्याला मात्र नात्याच्या शब्दामागे झाकून टाकतो. तो वारली आहे, मल्हार कोळी आहे, कातकरी आहे की कोकणा आहे, हा भेदही त्याला महत्त्वाचा वाटत नाही. या चौघांच्या बोलीत, दैवतांत आणि डोंगराशी असलेल्या संबंधांत केवढे अंतर आहे, हे मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनी फार पूर्वीच नोंदविले आहे, के. जे. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ चा आहे.

दुसरी लकब श्रमाच्या गौरवाची. चढण जितकी कठीण तितकी ती वर्णनात मोठी होते. घाम, धाप, गुडघ्यांची कळ, उन्हाची काहिली, आणि मग माथ्यावरचा वारा. हा क्रम इतका ठरून गेला आहे की, एखादा डोंगर सहज चढला गेला तर लेखक मनातून खट्टू होतो. कष्ट हेच येथे मूल्य आहे. शहरात बसून काम करणाऱ्या मनुष्याला शरीराचे कष्ट सणासारखे वाटावेत हे समजण्यासारखे आहे, आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पण डोंगराच्या अनुभवाचे हे एकच रूप आहे, किंवा हेच सर्वोच्च रूप आहे, असे मानण्याचेही कारण नाही. याच जिल्ह्यातील एक कहाणी त्याच्या नेमकी उलट दिशेने जाते.

डहाणू तालुक्यात विवळवेढे येथे महालक्ष्मीचे देवस्थान आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून जाणाऱ्यांना चारोटीजवळ आकाशात उभा राहिलेला जो सुळका दिसतो, तो देवीचा डोंगर. गिर्यारोहक त्याला महालक्ष्मी सुळका म्हणतात. भोवतालच्या लोकांत मुसल्या डोंगर हे नाव चालते, आणि त्यातले मुसळ उघड आहे. कहाणी अशी सांगतात की, देवीचे मूळ स्थान वर डोंगरात होते. एक आदिवासी स्त्री नित्यनेमाने वर जाऊन पूजा करीत असे. ती गरोदर राहिली; चढणे तिला अवघड होऊ लागले, तरी तिने नेम मोडला नाही. तेव्हा देवीनेच तिला सांगितले, तू आता येऊ नकोस, मीच खाली येते. आणि देवी पायथ्याशी आली.

या कहाणीकडे केवळ श्रद्धेची गोष्ट म्हणून पाहून पुढे जाऊ नये. गिरिभ्रमणाविषयीचे ते एक पूर्ण, सुसंगत असे विधान आहे. येथेही चढण आहे, धाप आहे, शरीराची परीक्षा आहे. परंतु श्रमाचा शेवट माथ्यावरील विजयात होत नाही. शिखर स्वतः खाली उतरते. जो कहाणी रचणारा समाज रोज डोंगर चढतो, लाकडे आणि पाणी वाहून आणतो, त्याला चढणीच्या कष्टांत कौतुक वाटावे असे काही नाही. त्या कष्टांची दखल घेणारी देवता त्याला हवी आहे. आपल्या नागर गिरिभ्रमणगद्यात डोंगराला कणव असल्याचा एकही उल्लेख माझ्या वाचनात नाही. डोंगर तेथे आव्हान देतो, साद घालतो, परीक्षा घेतो. तो कोणाची दया करीत नाही.

आणि तरीही चढणे सुटलेले नाही. चैत्री पौर्णिमेपासून भरणाऱ्या यात्रेत देवीचा ध्वज डोंगरावर चढविला जातो. हा मान वाघाडी या गावातील आदिवासी पुजारी घराण्याकडे आहे, आणि ध्वज येतो तो जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून. जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, पण ध्वजाची ही रीत टिकली. रात्रीच्या वेळी, यात्रेच्या गर्दीच्या डोक्यावरून, एक मनुष्य तो सुळका चढून जातो. गिर्यारोहणाच्या परिभाषेत ज्याला अवघड आरोहण म्हणतात, ते येथे दरवर्षी दोरावाचून, पदकावाचून, छायाचित्राची अपेक्षा न ठेवता केले जाते. खाली थांबलेला समाज त्याचे यश मोजीत नाही. ध्वज लागला की वर्ष नीट लागले असे मानतो. आपल्या आरोहणाच्या इतिहासलेखनात या आरोहणाला जागा नाही. ‘प्रथम आरोहण’ या शब्दप्रयोगातील ‘प्रथम’ कोणाच्या मोजणीने ठरते, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने विचारला तर त्याला उत्तर देणे सोपे जाणार नाही.

काळदुर्गाच्या पायथ्याची वाघोबा खिंड हे याच प्रकारचे दुसरे स्थळ. पालघर-मनोर रस्त्यावर, चढ संपता संपता, वाघोबाचे ठाणे आहे. वारल्यांचा हा देव रानातल्या वाघाशी केलेल्या कराराचा साक्षी आहे. या रानात आजही बिबट्या वावरतो. मार्गदर्शिकांत त्याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी एवढाच, की येथे वाहनातून उतरावे आणि देवळामागून वाट धरावी. वाघोबा थांब्याची खूण होऊन राहिला. माथ्यावरचा चौकोनी कातळ, त्यातील टाकी, समुद्राचे दर्शन यांना परिच्छेदामागून परिच्छेद. ज्या देवामुळे ही खिंड माणसांना ओलांडता येते त्याला अर्धे वाक्य.

माथ्यावरून दिसणाऱ्या देखाव्याविषयीही असेच म्हणता येईल. बोईसरजवळच्या आसाव्यावरून हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेस तारापूरची बाजू दिसते. १९६९ मध्ये सुरू झालेले अणुशक्तिकेंद्र, त्याअलीकडची औद्योगिक वसाहत, धूर, आणि पलीकडे समुद्र. लेखक या दृश्याशी दोन प्रकारे वागतो. एक तर निसर्गावर डाग पडला म्हणून हळहळतो, किंवा त्याकडे पाठ फिरवून पूर्वेच्या हिरव्या रांगांचे वर्णन करू लागतो. केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठविली गेली; डोंगरापलीकडे सूर्या नदीवर बांधलेल्या धरणाचे पाणी कारखान्यांकडे आणि वसई-विरारच्या नळांकडे धावते. डोंगरावरून दिसणाऱ्या या पटात किल्ल्याचा तट जितका इतिहास आहे तितकाच हाही इतिहास आहे. गडाच्या भग्न टाक्यावर उसासा टाकणाऱ्या लेखणीला उठलेल्या गावासाठी शाई का उरू नये, हे समजत नाही.

मग या डोंगरांत चालण्याचे खरे गद्य मराठीत नाहीच काय? आहे, पण ते गिरिभ्रमणाच्या कपाटात ठेवलेले नाही. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यास मिळाला. चळवळीचा इतिहास, आत्मचरित्र, सामाजिक दस्तऐवज अशा अनेक अंगांनी त्याचा अभ्यास झाला आहे. ते चालण्याचे पुस्तक आहे याकडे मात्र कोणी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. १९४५ मध्ये तलासरी, डहाणू, उंबरगाव या भागांत वेठबिगार आणि लग्नगडीची पद्धत यांविरुद्ध जो उठाव उभा राहिला, तो मूलतः पायांनी उभा राहिला. पाड्यापासून पाड्यापर्यंत, बहुधा रात्री, रानवाटांनी, जमीनदाराच्या माणसांची नजर चुकवीत केलेली ती चाल आहे. त्या गद्यात डोंगराची वर्णने शोधू गेल्यास निराशा होईल. तेथे डोंगर म्हणजे अंतर. रान म्हणजे अंधार आणि आसरा. टेकडी म्हणजे माणसे जमण्याची जागा. पण वाट दाखविणारा माणूस तेथे नावानिशी येतो, बोलतो, लेखिकेशी वाद घालतो, तिला शिकवितो. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड मारला गेला. नकाशातल्या ज्या नावांवरून आपण सहलीचे बेत आखतो त्यांतली कितीतरी नावे या पुस्तकात अशा प्रसंगांनी भारलेली आहेत.

या पुस्तकालाही मर्यादा आहे, आणि ती त्याच्या शीर्षकातच आहे. माणूस ‘जागा होतो’ असे म्हणताना तो आधी निजलेला होता असे गृहीत धरले जाते, आणि बाहेरून येणाऱ्याच्या पावलांनी त्याला जाग येते असेही सुचविले जाते. महालक्ष्मीची कहाणी रचणारा, वाघोबाशी करार करणारा समाज निजलेला होता असे मानणे कठीण आहे. तरीसुद्धा ज्या गद्यात चालणारी व्यक्ती स्वतःच्या चालीचे कौतुक न करता चालते, असे या प्रदेशाविषयीचे मराठी पुस्तक म्हणून त्याचा क्रम पहिला लागेल.

दुसरे नाव अनुताई वाघ यांचे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले काम १९५७ मध्ये कोसबाडला आले. तेथे अनुताईंनी जी वर्षे घालविली त्यांची हकीगत ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात आहे. या शीर्षकातील प्रत्ययाकडे व्याकरणाच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. गिरिभ्रमणगद्याची आवडती विभक्ती सप्तमी : गडावर, माथ्यावर, कड्यावर. येथे ‘वरून’ आहे. टेकडी हे पोहोचण्याचे ठिकाण नसून पाहण्याचे आणि निघण्याचे ठिकाण आहे. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे घेऊन कुरणात जातात, असे आढळले तेव्हा शाळाच कुरणात गेली. ‘कुरणशाळा’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. देवी पायथ्याशी उतरली त्या कहाणीची ही जणू दुसरी आवृत्ती होय, आणि या साम्याची जाणीव लेखिकेला होती की नाही हा प्रश्न गौण आहे. येथे चढउतार आहे, ऊन आहे, पाऊस आहे. पण त्यांचा उल्लेख हजेरीच्या ओघात होतो. मूल आज आले नाही, कारण नाला भरला. नाल्याचे वर्णन तेवढेच, आणि ते पुरेसे आहे.

‘दुर्गम’ या शब्दाकडे पुन्हा एकदा वळावे लागते. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंमुळे हा शब्द वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला. मदत पोहोचण्यास वेळ लागला, कारण प्रदेश दुर्गम होता, असे स्पष्टीकरण त्या काळी सर्वत्र ऐकू आले. मुंबईपासून हा प्रदेश दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर आहे. त्याच पठारावरून दरवर्षी भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांकडे उतरतात; चालत रस्त्यापर्यंत येतात आणि मग मिळेल त्या वाहनाने पुढे जातात. डोंगरातून बाहेर पडण्याची ही वाट त्यांना मुळीच दुर्गम नाही. तेव्हा दुर्गमता ही डोंगराच्या अंगची नसून दिशेच्या अंगची असते. खाली येणाऱ्या श्रमाला वाट सापडते. वर जाणाऱ्या धान्याला आणि औषधाला ती सापडत नाही. एकाच डोंगराचे हे दोन गुणधर्म कोणत्याही मार्गदर्शिकेतील ‘कठीण’, ‘मध्यम’, ‘सोपी’ या श्रेण्यांत बसत नाहीत.

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांपुढे प्रवासवाङ्मयाचे जे अभ्यासपाठ ठेवले जातात, त्यांत गिरिभ्रमणलेखनाचा समावेश झाल्यास परुळेकर आणि वाघ यांची पुस्तके दाण्डेकरांच्या शेजारी ठेवून वाचावीत. त्याचबरोबर एक काम क्षेत्रातच जाऊन करावे लागेल. अशेरीच्या पायथ्याचे खोडकोना, आसाव्याखालच्या वाड्या, तांदूळवाडीखालचा परिसर, वाघाडी, विवळवेढे या ठिकाणी डोंगराच्या प्रत्येक सोंडेला, खिंडीला, कातळाला आणि पाणवठ्याला जी नावे चालतात, ती वारली आणि कोकणा बोलींतून, सांगणाऱ्याच्या नावासह, अद्याप टिपून घेता येतील. मोजणीच्या नकाशात या सोंडांवर उंचीचे आकडे आहेत, नावे नाहीत. मुसल्या हे नाव वापरात राहिले ते यात्रेमुळे. ज्या डोंगरांवर यात्रा भरत नाही त्यांची नावे सांगणारी पिढी आज साठी-सत्तरीच्या घरात आहे, आणि तिची नातवंडे बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर जातात.